वाहिनीचा राजकीय कल पडद्यावर सिद्ध कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्रकारितेचं शिक्षण नुकतंच संपवलेल्या तिघांना मराठी वृत्तवाहिन्यांच्या राजकीय झुकावावर माहितीपट करायचा आहे. 'आउटफॉक्स्ड' हा फॉक्स न्यूजवरचा २००४ सालचा अमेरिकन माहितीपट त्यांनी पाहिला आहे. दोन महिन्यांत यूट्यूबवरून जमवलेल्या तीनशेच्या आसपास क्लिपा हाताशी आहेत. विचारलंय असं, की या क्लिपा कशा जोडल्या म्हणजे झुकाव सिद्ध होईल, आणि कायद्याची अडचण येईल का.

जोडणीचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळे आधी मूळ अडचण सांगतो. तुमच्याकडे अंश आहे, छेद नाही. चोवीस तास चालणारी एक वाहिनी दोन महिन्यांत जवळजवळ १,४४० तास प्रक्षेपण करते. त्यातले तुम्ही किती पाहिले? जे पाहिले ते कशावरून निवडले? उलट्या बाजूची क्लिप दिसली तेव्हा ती जपून ठेवली की पुढे गेलात? याची उत्तरं नसतील तर तीनशे क्लिपांनी एवढंच सिद्ध होतं की तुम्ही तीनशे क्लिपा शोधल्यात. १,४४० तासांच्या ढिगातून कुठल्याही वाहिनीविरुद्ध, कुठल्याही दिशेने, दहा मिनिटांची संताप आणणारी फीत कापता येते. तुमच्या चित्रपटाचा विरोधक पहिल्याच दिवशी हेच म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे 'झुकाव' हा एक दावा नाही, ते तीन दावे आहेत. वाहिनी एका बाजूला जास्त आणि मऊ जागा देते, हा पहिला. हे योगायोगाने होत नाही, वरून ठरवून होतं, हा दुसरा. यामुळे प्रेक्षकाच्या डोक्यात चुकीची माहिती जाते किंवा मत बदलतं, हा तिसरा. पहिल्यासाठी मोजणी लागते, दुसऱ्यासाठी कागद आणि माणसं, तिसऱ्यासाठी प्रेक्षकांचा अभ्यास. तुम्ही यातला कोणता दावा करणार यावर पुढचं सगळं अवलंबून आहे: किती महिने, किती माणसं, किती पैसे. तिघांच्या गटाला पहिला दावा नीट पेलतो. दुसरा दावा आतला स्रोत मिळाला तरच. तिसरा तुमच्या हाताबाहेरचा आहे. त्यासाठी दुसऱ्यांनी केलेल्या अभ्यासावरच विसंबावं लागेल.

'आउटफॉक्स्ड'मध्ये हे तिन्ही दावे आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. म्हणूनच शिकायला तो चांगला आहे, फक्त तुकड्या-तुकड्याने पाहायला हवा.

पार्श्वभूमी दोन ओळींत. रूपर्ट मरडॉक यांच्या मालकीची फॉक्स न्यूज ऑक्टोबर १९९६ मध्ये रॉजर एल्स यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली, 'फेअर अँड बॅलन्स्ड' या घोषवाक्यासह. वादग्रस्त विषयात दोन्ही बाजू दाखवण्याचं बंधन घालणारं अमेरिकेतलं 'फेअरनेस डॉक्ट्रिन' १९८७ मध्येच गेलं होतं, आणि ते हवेतून प्रसारित होणाऱ्या परवानाधारक स्टेशनांसाठी होतं. म्हणजे वाहिनीने कायदा मोडला असं म्हणायला जागाच नव्हती. दिग्दर्शक रॉबर्ट ग्रीनवॉल्ड यांनी निशाणा धरला तो वाहिनीच्या स्वतःच्या घोषवाक्यावर. ही निवड अचूक होती. 'वाहिनी वाईट आहे' हे मत झालं. 'वाहिनी स्वतःला जे म्हणवते ते ती नाही' हा तपासता येणारा दावा झाला. तुमच्या माहितीपटालाही असाच खुंटा लागेल: वाहिनीचं घोषवाक्य, तिने जाहीर केलेली आचारसंहिता, संपादकाचं सार्वजनिक विधान.

आता क्लिपांची माळ, म्हणजे माँटाज. तुम्हाला चित्रपटातला हाच भाग सगळ्यात जास्त भावलाय, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

माँटाज कधी पुरावा ठरतं? पहिली परिस्थिती, समोरच्याने 'कधीच नाही' किंवा 'एकदाच' असा दावा केलेला असतो तेव्हा. फॉक्सवरच्या चर्चेच्या कार्यक्रमाचे निवेदक बिल ओ'रायली यांनी म्हटलं होतं की सहा वर्षांत पाहुण्याला 'शट अप' आपण एकदाच म्हटलं. चित्रपट त्यानंतर एकामागून एक 'शट अप' लावतो. इथे छेदाची गरजच नाही. 'एकदाच' खोटं ठरवायला दुसरी क्लिप पुरते. दुसरी परिस्थिती, सारखेपणा हाच मुद्दा असतो तेव्हा. २०१८ मध्ये 'डेडस्पिन' या संकेतस्थळाने सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी स्थानिक स्टेशनांवरचे अँकर एकच मजकूर शब्दन् शब्द वाचताहेत असं एका पडद्यावर दाखवलं. मजकूर एकाच जागेवरून आलाय हे त्या फितीतून सिद्ध होतं. वेगळी मोजणी नको. तिसरी परिस्थिती म्हणजे वाहिनीची जुनी फीत तिच्याच नंतरच्या विधानासमोर ठेवणं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात वडील गमावलेला जेरेमी ग्लिक फेब्रुवारी २००३ मध्ये ओ'रायलींच्या कार्यक्रमात आला होता. तो तिथे काय बोलला आणि ओ'रायली नंतर त्याच्याबद्दल काय सांगत राहिले, हे चित्रपटाने शेजारी शेजारी ठेवलं. प्रेक्षकाला निवाडा स्वतः करता येतो.

आणि माँटाज कधी पुरावा ठरत नाही? प्रमाण सांगायचं असतं तेव्हा. चित्रपटात फॉक्सचे अँकर 'काही लोक म्हणतात' असं म्हणत स्वतःचं मत सरकवतात, त्याची लांबलचक माळ आहे. परिणाम जबरदस्त होतो. पण हाच वाक्प्रयोग त्याच काळात सीएनएनवर तासाला किती वेळा आला? चित्रपट सांगत नाही. कदाचित फॉक्सवर पाचपट असेल, कदाचित सारखाच. माळेवरून कळायला मार्ग नाही. 'सूत्रांच्या माहितीनुसार' या शब्दांची अशी माळ मराठीतल्या कुठल्याही वाहिनीची एका आठवड्यात बनेल. माझा नियम असा: प्रमाणाचं माँटाज चित्रपटात ठेवायचं असेल तर त्याच्या शेवटी दोन वाहिन्यांचे तासाला किती हे आकडे पडद्यावर आलेच पाहिजेत. आकडे नसतील तर ती माळ काढायची, कितीही रंगत असली तरी.

नात्यागोत्यावरून केलेलं अनुमान हाही असाच निसरडा भाग. २००० च्या निवडणुकीत फॉक्सच्या निकाल-कक्षाचे प्रमुख होते जॉन एलिस, म्हणजे रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांचे सख्खे आतेभाऊ. ८ नोव्हेंबरच्या पहाटे २ वाजून १६ मिनिटांनी फॉक्सने फ्लोरिडा बुश यांना दिलं आणि चार-पाच मिनिटांत बाकीची मोठी नेटवर्क त्याच वाटेने गेली. ऐकायला धक्कादायक आहे. पण सगळी नेटवर्क एकाच सामाईक संस्थेचे मतमोजणीचे आकडे वापरत होती आणि त्या रात्री त्या आकड्यांतच चुका होत्या. नातं दाखवलं की हेतूची शक्यता दिसते. कृती हेतूमुळेच झाली हे त्यातून निघत नाही. वाहिनीचा मालक अमुक पक्षाचा खासदार आहे किंवा अमुक नेत्याचा व्याही आहे, हे तुमच्या चित्रपटात जरूर सांगा. प्रेक्षकाला ते कळायलाच हवं. पण पुरावा म्हणून त्यावर भार टाकू नका.

चित्रपटाचा सगळ्यात भक्कम भाग माझ्या मते अंतर्गत चिठ्ठ्यांचा आहे. फॉक्सचे वृत्तविभागाचे वरिष्ठ उपाध्यक्ष जॉन मूडी रोज सकाळी कर्मचाऱ्यांना दिवसाच्या बातम्यांबद्दल मजकूर पाठवत. त्यातल्या एका चिठ्ठीत, एप्रिल २००४ ची ती, इराकमधल्या अमेरिकी मरीनना 'स्नायपर' न म्हणता 'शार्पशूटर' म्हणावं असं सांगितलं होतं, कारण पहिल्या शब्दाला नकारात्मक छटा आहे. चित्रपट आल्यावर मूडी यांनी चिठ्ठ्यांचं समर्थन केलं, त्या खोट्या आहेत असं म्हटलं नाही. समोरचा नाकारू शकत नाही अशी एक चिठ्ठी शंभर क्लिपांना भारी पडते, कारण ती हेतूबद्दल थेट बोलते.

तुम्हाला असा कागद मिळाला तर काम तिथे संपत नाही, सुरू होतं. आपल्याकडे अशा सूचना बहुतेक वेळा इनपुट-आउटपुटच्या (बातम्या जमवणाऱ्या आणि पडद्यावर आणणाऱ्या विभागांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. स्क्रीनशॉट बनावट करायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटवर अवलंबून राहू नका. देणाऱ्याच्या फोनवर मूळ संदेश स्वतः पाहा, मागेपुढे स्क्रोल करून संदर्भ वाचा, आणि त्याच ग्रुपमधल्या पहिल्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून तोच संदेश पडताळा. मग त्या दिवशीचं प्रक्षेपण काढा. सूचना सकाळी दहाची असेल तर दहाच्या आधी टॉप बँडवर, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराच्या पट्टीवर, कोणता शब्द होता आणि नंतर कोणता आला? संदेश आणि प्रक्षेपण यांची अशी जोडी लागली की साखळी पूर्ण होते. सूचना आली पण पडद्यावर काहीच बदललं नाही, तर तेही प्रामाणिकपणे नोंदवा. पडद्यावर मूळ स्क्रीनशॉट दाखवू नका. मजकूर पुन्हा टाइप करून दाखवा. फोनचा फाँट, बॅटरीचं चिन्ह, सेव्ह केलेली नावं, एवढ्यावरून आतल्या माणसाला ओळखता येतं आणि त्याची नोकरी जाते. वाहिनी सोडलेल्या माणसांच्या मुलाखती घेताना नोकरी का सोडली, पगाराचा वाद होता का, हे कॅमेऱ्यासमोरच विचारा. तुम्ही नाही विचारलंत तर वाहिनी ते जाहीर करेल आणि मुलाखत वाया जाईल.

आता मोजणी. 'फेअर' नावाच्या माध्यम-पहारेकरी संस्थेने ब्रिट ह्यूम यांच्या फॉक्सवरच्या 'स्पेशल रिपोर्ट'मधले एकट्याने मुलाखत दिलेले पाहुणे मोजले होते. चित्रपटात २००३ च्या उत्तरार्धातली त्यांची मोजणी आहे: डेमोक्रॅटच्या तुलनेत रिपब्लिकन साधारण पाचास एक. पण शिकण्यासारखी त्याच संस्थेची २००१ मधली आधीची मोजणी आहे. त्यात पक्षाशी जोडलेल्या ५६ पाहुण्यांपैकी ५० रिपब्लिकन निघाले, म्हणजे ८९ टक्के. सोबत त्यांनी त्याच काळातला सीएनएनचा वुल्फ ब्लिट्झर यांचा कार्यक्रमही मोजला: ६७ पैकी ३८ रिपब्लिकन, ५७ टक्के. ही दुसरी संख्या फार मोलाची आहे. त्या वेळी व्हाइट हाउस रिपब्लिकनांकडे होतं. सत्तेतल्या पक्षाची माणसं जास्त बोलावली जाणं स्वाभाविक आहे, आणि सीएनएनवरही तसंच झालं. म्हणून ८९ विरुद्ध ५० अशी तुलना करायची नसते, ८९ विरुद्ध ५७ अशी करायची असते. 'फेअर' स्वतः डाव्या विचाराची मानली जाते हेही सांगायला हवं. मोजण्याची पद्धत उघडी ठेवली असेल तर कोणीही पुन्हा मोजून पाहू शकतो.

सत्तेचा हा परिणाम वेगळा काढायची महाराष्ट्रात उत्तम सोय आहे. नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यानंतर दुसऱ्या बाजूचं. एखाद्या वाहिनीने दोन्ही काळांत त्या त्या सत्ताधाऱ्यांना जास्त वेळ दिला असेल तर ती सत्तेकडे झुकते. ही वेगळी आणि तितकीच गंभीर गोष्ट. दोन्ही काळांत एकाच पक्षाला जास्त वेळ मिळाला असेल तर झुकाव त्या पक्षाकडे आहे. जुनं प्रक्षेपण पूर्ण मिळणार नाही, पण वाहिनीच्या यूट्यूब पानावर रोजच्या चर्चेच्या कार्यक्रमाचे जुने भाग असतील तर तेवढ्या एका कार्यक्रमाची तुलना करता येते.

महाराष्ट्रातलाच एक खड्डाही सांगतो. पाहुण्याचा पक्ष नोंदवताना प्रक्षेपणाच्या तारखेचा पक्ष नोंदवायचा, आजचा नाही. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह शिंदे गटाला १७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिलं. राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये फुटली, तिथला निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ चा. एकच प्रवक्ता तुमच्या तक्त्यात दोन रकान्यांत येऊ शकतो. या तारखा कोडशीटच्या, म्हणजे नोंदीच्या तक्त्याच्या, पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि अॅस्टनवर, म्हणजे पाहुण्याच्या नावाच्या पट्टीवर, वाहिनीने त्याला काय म्हटलं याचा स्वतंत्र रकाना करा: नुसतं 'शिवसेना', 'शिंदे गट', 'ठाकरे गट', 'उबाठा'. कोणत्या तारखेला कोणत्या वाहिनीने कोणतं नाव वापरलं, ही मोजायला सोपी आणि खूप काही सांगणारी गोष्ट आहे. तसाच 'राजकीय विश्लेषक' हा शिक्का. त्याखाली येणारा माणूस गेल्या पाच वर्षांत एखाद्या पक्षाचा पदाधिकारी, उमेदवार किंवा प्रचार-सल्लागार होता का, हे सार्वजनिक नोंदींवरून तपासा आणि वेगळं नोंदवा.

रेकॉर्डिंगचं गणित. ग्रीनवॉल्ड यांनी सुमारे सहा महिने दिवसरात्र डीव्हीडी रेकॉर्डर चालवले आणि 'मूव्हऑन' संघटनेच्या स्वयंसेवकांनी वेळा वाटून घेऊन पाहणी केली. तुम्हाला एवढं लागणार नाही. तीन वाहिन्या, संध्याकाळी ६ ते ११, रोज पाच तास. २ एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर एका वाहिनीचे पाच तास ४.५ जीबी होतात, तिन्हींचे १३.५, महिन्याचे साधारण ४०५ जीबी. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक टीबीच्या दोन डिस्क दोन महिन्यांना पुरतात. सगळं पाहायची गरज नाही, पण सगळं रेकॉर्ड हवं, कारण नमुना त्यातून काढायचाय. नमुना 'रचलेल्या आठवड्या'चा घ्या: दोन महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठ्या टाकून एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस, असे दोन आठवडे. सलग आठवडा घेतलात आणि त्यात अधिवेशन किंवा एखादी अटक आली तर सगळं त्याच एका घटनेने भरून जातं.

यूट्यूबचं थेट प्रक्षेपण आणि डिशवरचं प्रक्षेपण एकच आहे असं धरू नका. यूट्यूबवर थोडा उशीर असतो, हक्क नसलेली दृश्यं कधी गाळली जातात, जाहिराती वेगळ्या असतात. एकच माध्यम निवडा, तिन्ही वाहिन्यांसाठी तेच ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या चौकटीत संगणकाचं घड्याळ दिसू द्या. वाहिनीने नंतर टाकलेल्या कापलेल्या क्लिपा मोजणीत घेऊ नका; त्यांचं शीर्षक आणि थंबनेल सोशल मीडियाचा गट ठरवतो, तो वेगळा विषय आहे. तुमच्या तीनशे क्लिपा बहुतेक याच जातीच्या असणार. त्या टाकून देऊ नका, उदाहरणं म्हणून उपयोगी पडतील. मात्र मोजणी संपल्यावरच.

मोजायचं काय? पाहुणा किती सेकंद बोलला. अँकरने त्याला किती वेळा तोडलं, आणि ते बोलण्याच्या मिनिटामागे किती. पहिला प्रश्न आरोपाचा होता की माहितीचा. चर्चेच्या बँडवरचं वाक्य विधान होतं की प्रश्नचिन्ह लावलेला आरोप. सभेचं थेट प्रक्षेपण अखंड किती मिनिटं चाललं. जुनी दृश्यं 'फाईल' न लिहिता वापरली का. सुरुवातीला एवढं पुरे. 'अँकरचा सूर आक्रमक' असला रकाना ठेवू नका. तिघांची तीन मतं होतील.

आणि मत जुळतंय का हे मोजायलाच हवं. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच दोन तास नोंदवायचे. इथे सगळे फसतात ते टक्केवारीला भुलून. समजा दोघांनीही ९० टक्के प्रश्नांना 'माहितीचा' आणि १० टक्क्यांना 'आरोपाचा' म्हटलं, आणि नोंदी ९० टक्के जुळल्या. छान वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ८२ टक्के जुळल्याच असत्या. योगायोग वजा केल्यावर उरतं ०.०८ भागिले ०.१८, म्हणजे ०.४४. जुळणीच्या या आकड्याला कप्पा (ग्रीक अक्षरावरून, kappa) म्हणतात, तो ०.८ च्या वर असेल तर निर्धास्त वापरा, ०.६७ च्या खाली असेल तर तो रकाना रद्द करा किंवा व्याख्या घट्ट करून पुन्हा मोजा. शक्य असेल तर एका नोंदणाऱ्याचं राजकीय मत तुमच्यापेक्षा वेगळं असू द्या. जुळलेल्या आकड्याची किंमत त्याने कितीतरी वाढते.

जे दाखवलंच नाही ते मोजणं सगळ्यात अवघड आणि बऱ्याचदा सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी बाहेरची यादी लागते, तुम्ही बनवलेली नाही. विधिमंडळ अधिवेशनाचा रोजचा कामकाजक्रम ही चांगली यादी आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातला एक आठवडा घ्या, सभागृहात आलेले विषय लिहा, प्रत्येक विषयाला प्रत्येक वाहिनीने किती मिनिटं दिली ते समोर भरा. रिकामे चौकोन आपोआप दिसतात.

प्रेक्षकांवरच्या परिणामाबद्दल थोडक्यात. चित्रपटात मेरीलँड विद्यापीठाच्या गटाचा २००३ चा अभ्यास आहे: इराक युद्धाबद्दलच्या तीन गैरसमजांपैकी निदान एक गैरसमज फॉक्सच्या ८० टक्के प्रेक्षकांत होता, सार्वजनिक प्रसारणाच्या प्रेक्षक-श्रोत्यांत २३ टक्के. आकडा खरा आहे, पण वाहिनीने गैरसमज पसरवला की गैरसमज असलेली माणसं त्या वाहिनीकडे गेली, हे एकट्या सर्वेक्षणातून पूर्ण उलगडत नाही. ते जास्त नीट उलगडलं २००७ मध्ये, डेला व्हिन्या आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांच्या कामात. १९९६ ते २००० मध्ये काही गावांच्या केबलवर फॉक्स आली, काहींच्या नाही. जिथे आली तिथे रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के अंकांनी वाढली. आकडा लहान आहे, पण २००० मध्ये अध्यक्षपद ठरवणारा फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर गेला होता. मराठीत असा अभ्यास हाताशी नसेल तर परिणामाचा दावा चित्रपटात करू नका.

संपादनाच्या टेबलावर काही शिस्त पाळा. प्रत्येक क्लिपच्या आधीची आणि नंतरची निदान ३० सेकंदं प्रकल्पात जपून ठेवा, कारण 'संदर्भ तोडला' हा आरोप येणारच. क्लिपच्या आत काप घेतला असेल तर तो दिसू द्या, काळी चौकट टाका; आवाज जोडून सलग भासवू नका. वाहिनीचा लोगो कापू नका. पडद्यावर वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ. क्लिपखाली संगीत नको. प्रेक्षकाला राग यायचा असेल तर तो शब्दांमुळे यावा. चित्रपटातल्या प्रत्येक विधानासमोर पुराव्याच्या फाइलचा क्रमांक असलेली दोन रकान्यांची संहिता बनवा आणि ती गटाबाहेरच्या एका खडूस माणसाकडून तपासून घ्या.

कायदा. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम भारतात नाही, अमेरिकेतही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी 'फेअर डीलिंग'ची मुभा देतं, आणि प्रक्षेपणाच्या हक्काबाबत तशीच तरतूद कलम ३९ मध्ये आहे. कसोटी अशी: टीकेसाठी लागतं तेवढंच घेतलं का, आणि घेतलेल्या तुकड्यावर चित्रपट खरोखर भाष्य करतो का. अँकरच्या वाक्यावर टीका करायला अँकरची क्लिप चालते. वाहिनीने टिपलेलं पावसाचं सुंदर दृश्य सजावटीला वापरलंत तर नाही. चित्रपट यूट्यूबवर टाकल्यावर आपोआप हक्काचा दावा येईल. तुम्ही आक्षेप घेतल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. म्हणून प्रदर्शनाची तारीख निवडणुकीच्या आठवड्यात ठेवू नका. यूट्यूबच्या अटींत डाउनलोडला मनाई आहे, याबद्दलही वकिलाशी आधी बोला. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमध्ये काही बदललं तर बदलणारा तिचा अंक-ठसा) नोंदवायचं असतं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगचा एसएचए-२५६ प्रकारचा हॅश त्याच रात्री काढून नोंदवा. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. 'अमुक अँकर विकला गेला' असं वाक्य पुराव्याशिवाय लिहिलंत तर वरची सगळी मेहनत बाजूला राहील आणि खटला त्या एका वाक्यावर चालेल.

शेवटची बाब वाहिनीच्या उत्तराची. ग्रीनवॉल्ड यांनी चित्रपट गुप्तपणे केला, प्रदर्शनाआधीच स्थगिती येऊ नये म्हणून. भीती पोकळ नव्हती: आदल्याच वर्षी फॉक्सने आपलं घोषवाक्य पुस्तकाच्या नावात वापरलं म्हणून एका विनोदी लेखकावर दावा लावला होता; न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला आणि फॉक्सने दावा मागे घेतला. पण गुप्ततेची किंमतही मोजावी लागली. फॉक्सची बाजू चित्रपटात नाही, ही टीका आजही होते. शिवाय 'मूव्हऑन' आणि 'सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस' या डेमोक्रॅटिक बाजूच्या संस्थांचा पैसा, आणि वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचं. संतुलन नाही म्हणून टीका करणाऱ्या चित्रपटाला हे जड गेलं. तुमच्यासाठी मधला मार्ग आहे. चित्रीकरण आणि मोजणी पूर्ण झाली, पुरावा दोन ठिकाणी सुरक्षित झाला की वाहिनीला लेखी प्रश्न पाठवा, तारीख-वेळेसह, आणि पंधरा दिवस द्या. वाहिन्यांना प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवावी लागते, तेव्हा पत्र त्या मुदतीत गेलं तर 'आमच्याकडे फीत नाही' हे उत्तर उरत नाही. आलेलं उत्तर चित्रपटात पूर्ण अर्थासह घ्या. पैसा कुठून आला ते सुरुवातीच्या पाटीवर लिहा, शेवटच्या श्रेयनामावलीत लपवू नका. आणि कोडशीट, नमुन्याच्या तारखा, कच्चा तक्ता हे सगळं चित्रपटासोबतच खुलं करा.

तिघांच्या गटाला वेळ किती लागेल? रेकॉर्डिंग दोन महिने. नमुन्यातले १४ दिवस गुणिले १५ तास म्हणजे २१० तासांचं प्रक्षेपण. एका तासाची काळजीपूर्वक नोंद करायला दोन ते तीन तास धरा, म्हणजे ४२० ते ६३० तासांचं काम, तिघांत वाटून दीड-दोन महिने. जुळणीची तपासणी आणि व्याख्या दुरुस्त करणं यात आणखी पंधरा दिवस. त्यानंतर संहिता, मुलाखती, संपादन. पण हे सगळं सुरू करण्याआधी एक संध्याकाळ, एक वाहिनी, दोन तास एवढंच घेऊन तिघांनी वेगवेगळी नोंद करून पाहा. पहिल्या खेपेस कप्पा ०.५ च्या खाली येण्याची शक्यता मोठी आहे. कोणत्या रकान्यात मतं फुटली ते पाहून व्याख्या सुधारा, आणि मगच डिस्क विकत घ्या.